कोल्हापूरचा नगरतट आणि पुनर्बांधणीच्या वेळची पुरातत्त्वीय देखरेख

जुन्या नगराचा तट पाडला गेला म्हणजे त्याचा इतिहास संपला, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः तटाचा जो भाग जमिनीवर उभा असतो तो त्याच्या एकंदर रचनेचा एक अंश होय. पाया, त्याच्यासाठी खणलेला चर, बाहेरचा खंदक, खंदकातून उपसून आत टाकलेली माती आणि या सर्वांखाली दबलेली पूर्वीची वस्ती हा उरलेला भाग भूमीच्या पोटात राहतो. तट पाडणाऱ्यास या भागाला हात लावण्याचे सहसा कारण पडत नाही. ते कारण प्रथमच पडते, ते त्या जागेवर तळघर असलेली बहुमजली इमारत उभी राहू लागते तेव्हा. कोल्हापुरातील जुन्या पेठांची आज जी पुनर्बांधणी चालली आहे तिचे महत्त्व पुरातत्त्वाच्या दृष्टीने येथे आहे. नगरतटाच्या अभ्यासाची जी संधी गेल्या शतकात मिळाली नाही ती आता मिळत आहे, आणि ती प्रत्येक जागेपुरती एकदाच मिळणार आहे.

नगर, तट आणि वेशी

कोल्हापूर हे एकाच केंद्राभोवती वाढलेले गाव नव्हे. ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा, रंकाळा, पद्माळा आणि रावणेश्वर या सहा लहान वस्त्यांच्या एकत्र वाढीतून ते घडले, असे परंपरेने सांगितले जाते. पंचगंगेच्या काठावरील ब्रह्मपुरीची टेकडी ही त्यांतील सर्वांत प्राचीन वस्ती होय. शिलाहारांच्या काळात महालक्ष्मीच्या क्षेत्रामुळे नगराचे केंद्र आग्नेयेकडे सरकले, आणि १७८२ च्या सुमारास करवीरकर छत्रपतींची राजधानी पन्हाळ्याहून येथे आल्यावर तटाच्या आतील वस्तीला राजधानीचे रूप आले.

या नगरतटाला गंगावेस, रंकाळावेस, वरुणतीर्थवेस, आदितवार वेस, मंगळवार वेस आणि शनिवार वेस अशा सहा वेशी होत्या. तट केवळ शोभेचा नव्हता. डिसेंबर १८५७ मध्ये चिमासाहेबांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या उठावाच्या वेळी उठाववाल्यांनी वेशी बंद करून शहर ताब्यात घेतले आणि कर्नल ले ग्रँड जेकब याच्या तुकडीला वेस फोडून आत शिरावे लागले. वेशींचे लष्करी महत्त्व त्या प्रसंगी पुरते सिद्ध झाले. पुढे मात्र शहर बाहेर पसरू लागले. १८५४ मध्ये स्थापन झालेल्या नगरपालिकेपुढे रस्ते, गटारे आणि बाजार यांचे प्रश्न उभे राहिले, व तट ही अडचण ठरू लागली. तो टप्प्याटप्प्याने नाहीसा झाला. त्याचा ठळकपणे उभा राहिलेला भाग आज बिंदू चौकात दिसतो. ही जागा म्हणजे जुन्या आदितवार, म्हणजेच रविवार वेशीचा परिसर होय.

इतर ठिकाणी तटाची जागा केवळ नावांनी दाखवली जाते. गंगावेस आणि रंकाळावेस ही नावे आजही रोजच्या बोलण्यात आहेत. तेथे वेस नाही, परंतु वेशीतून निघणारा रस्ता आहे. तट गेल्यावरही रस्त्यांचे वळण, मिळकतींच्या हद्दी आणि जमिनीच्या पातळीतील चढउतार यांमध्ये त्याची रेषा शिल्लक राहते. सिटी सर्व्हेच्या नकाशावर एकापाठोपाठ एक मिळकतींच्या मागील हद्दी एकाच वक्ररेषेवर येऊ लागल्या, तर ती रेषा तटाची किंवा खंदकाच्या काठाची असण्याचा संभव असतो. अर्थात हा संभवच. त्याची खात्री जमिनीखालीच होते.

पांढरीखालची रचना

मराठी खेड्यात शेताच्या जमिनीला काळी आणि वस्तीच्या जमिनीला पांढरी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, पडलेल्या भिंतींची माती, शेण, चुना व खापरे यांनी जमिनीचा रंग पालटतो, हे शेतकऱ्याचे निरीक्षण पुरातत्त्वज्ञाच्या दृष्टीनेही बरोबर आहे. जुन्या नगरात पांढरी थरांनी वाढत जाते. तटाजवळ तिची रचना मात्र साध्या वस्तीपेक्षा गुंतागुंतीची असते, व तिच्यातील चार घटक वेगळे ओळखावे लागतात.

पहिला घटक पायाचा चर. तो ज्या थरांतून खणलेला असतो ते सर्व थर तटापूर्वीचे, आणि पायावर येऊन टेकणारे थर तटानंतरचे. दुसरा घटक खंदक. त्याच्या तळाशी वापराच्या काळात साचलेला बारीक गाळ असतो; त्यावर खंदक दुर्लक्षित झाल्यावर पडलेला कचरा, आणि सर्वांत वर तो बुजवण्यासाठी एकदम टाकलेली भर, बहुधा दगड व चुन्याचा राडारोडा. तिसरा घटक उपसलेल्या मातीचा. खंदक खणताना निघालेली माती तटाच्या आतल्या अंगास टाकण्याची पद्धत असल्यामुळे येथे थरांचा क्रम उलटा होतो: सर्वांत खालून निघालेली जुनी माती सर्वांत वर येऊन बसते. तटाच्या आतील बाजूस वरच्या थरात सातवाहनकालीन खापर मिळाले, तर तेवढ्यावरून तो थर सातवाहनकालीन ठरत नाही. चौथा घटक म्हणजे रिकामा चर. तटाचे घडीव दगड दुसऱ्या बांधकामासाठी काढून नेले की पायाच्या जागी एक लांबट खाच उरते व ती मोकळ्या मातीने भरते. छेदात दगड एकही दिसत नाही, पण भिंतीची रुंदी, दिशा व खोली या खाचेच्या कडांवरून मोजता येते. दगड सापडला नाही म्हणून ‘येथे काही नाही’ अशी नोंद करणे ही तटाच्या अभ्यासातील सर्वांत सहज घडणारी चूक होय.

बुजवलेले खळगे वस्तू राखून ठेवतात, याचा अनुभव कोल्हापुरास नवा नाही. गांधी मैदान हे पूर्वीच्या वरुणतीर्थाच्या जागी आहे. कपिलतीर्थाचे नाव आता मंडईस उरले आहे. अंबाबाईच्या मंदिराच्या आवारातील मणिकर्णिका कुंड बुजवले गेले होते व २०२०–२१ च्या सुमारास ते पुन्हा मोकळे करण्यात आले. कुंड, तलाव व खंदक यांची भर ही केवळ माती नसून ती बुजवणाऱ्या काळाने मागे ठेवलेला दस्तऐवज असते.

कोल्हापूरचा पूर्वानुभव

देखरेखीची आवश्यकता परदेशातील उदाहरणांवरून पटवण्यापूर्वी कोल्हापूरच्याच शोधांकडे पाहणे युक्त ठरेल. १८७७ मध्ये ब्रह्मपुरीच्या टेकडीवर नाण्यांचा साठा मिळाला. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्यांचे वाचन केले, आणि वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र शिवलकुर व गोतमीपुत्र विळिवायकुर ही नावे इतिहासास ज्ञात झाली. याच शतकाच्या उत्तरार्धात शहरात एका प्राचीन स्तूपाचे अवशेष उघडे पडले. त्यांत दगडी पेटी व स्फटिकाचा करंडक मिळाला, आणि ब्रह्म नावाच्या दात्याचे हे दान धर्मगुप्ताने करविले अशा अर्थाचा ब्राह्मी लेखही मिळाला.

हे दोन्ही शोध आकस्मिक होते, तरी त्यांपासून मोठा लाभ झाला. त्याचे कारण असे की, या वस्तू स्वतः बोलणाऱ्या होत्या. कोल्हापूरच्या नाण्यांत एका राजाच्या नाण्यावर दुसऱ्याचा ठसा पुन्हा मारलेला आढळतो. शिवलकुराने आधीच्या विळिवायकुराची नाणी, आणि गोतमीपुत्राने शिवलकुराची नाणी पुन्हा छापली. त्यामुळे या तिघांचा क्रम नाण्यांच्या अंगावरच ठरतो. खापराला, विटेला किंवा बांगडीच्या तुकड्याला ही सोय नाही. त्यांचा क्रम त्यांच्या अंगावर नसून ते ज्या थरात पडले त्या थरात असतो, व थर गेला की तो क्रमही गेला.

याची दुसरी बाजू ब्रह्मपुरीच्याच कांस्यवस्तूंनी दाखवली. १९४४–४५ मध्ये प्रा. कुंदणगार यांच्या खोदकामात धातूच्या वस्तूंचा जो साठा मिळाला त्यात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची लहान मूर्ती, भूमध्यसागरी बनावटीचा सुरईवजा चंबू व आरसा यांचा समावेश होता. कोल्हापूरचा संबंध रोमन व्यापाराशी जोडणारा हा पुरावा आज येथील टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयाचे भूषण आहे. परंतु या साठ्यातील कोणती वस्तू बाहेरून आली, कोणती स्थानिक, व सर्व एकाच काळी पुरल्या गेल्या काय, याविषयी विद्वानांत दीर्घकाळ चर्चा चालू राहिली. ती मुख्यत्वे वस्तूंच्या शैलीवरून करावी लागली. लगेच १९४५–४६ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी ब्रह्मपुरीचे स्तरशः उत्खनन केले, आणि १९५२ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. या उत्खननात तितकी नेत्रदीपक वस्तू कदाचित नसेल. पण सातवाहन काळातील विटांच्या घरांपासून बहामनी काळातील रंगीत काचेच्या बांगड्यांपर्यंतचा क्रम त्याने निश्चित केला. आज कोल्हापुरात कोठेही पायाच्या खड्ड्यात खापर किंवा बांगडी मिळाली तर तिची तुलना करण्यास आधार आहे तो या क्रमाचा.

नगराच्या एका टोकाला असलेल्या टेकडीवरचा हा क्रम तटाच्या आतील वस्तीस जसाच्या तसा लागू पडतो काय, हे मात्र तेथील थरच सांगू शकतील. सर्व पेठांतून उत्खनन करणे शक्य नाही. तेथे माणसे राहतात. पायाचे खड्डे हेच तेथील उत्खननाचे चर, असे मानल्यावाचून गत्यंतर नाही.

देखरेख म्हणजे काय

उत्खनन आणि देखरेख यांत मूलभूत भेद आहे. उत्खननात प्रश्न आधी असतो व त्यासाठी जागा निवडली जाते. देखरेखीत जागा दुसऱ्याने निवडलेली असते व तिला विचारण्यासारखा प्रश्न अभ्यासकाने तयार ठेवावयाचा असतो. खोदण्याचे काम बांधकाम करणाराच करतो. पुरातत्त्वज्ञ ते पाहतो, आवश्यक तेथे थांबवतो, उघड्या पडलेल्या छेदाची नोंद करतो आणि काम पुढे जाऊ देतो.

या पद्धतीचे स्वतंत्र महत्त्व दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये लक्षात आले. बाँबवर्षावाने उद्ध्वस्त झालेल्या भागात पुन्हा बांधकाम सुरू होण्यापूर्वी तेथील जमीन तपासण्यासाठी १९४६ मध्ये एक मंडळ स्थापन झाले, व त्याचे काम डब्ल्यू. एफ. ग्राइम्स यांनी पाहिले. १९५४ मध्ये सापडलेले मिथ्र देवतेचे मंदिर लोकांच्या स्मरणात राहिले. पण तटाच्या अभ्यासकास अधिक उद्बोधक आहे ते क्रिपलगेट भागातील निरीक्षण. तेथे नगरतटाचा पाया तपासताना एकाऐवजी दोन भिंती एकमेकींस चिकटून उभ्या असल्याचे दिसले. त्यांतील बाहेरची भिंत आधीच्या रोमन लष्करी ठाण्याची होती. नगरतट बांधताना ती आतून जाड करून त्यात सामावून घेतली होती. एका पायाच्या जोडावरून, लिखित साधनांत नसलेले एक संपूर्ण ठाणे उजेडात आले. इंग्लंडमध्ये १९९० पासून नगररचनेच्या परवानगीतच पुरातत्त्वीय पाहणीची अट घालण्याचे शासकीय मार्गदर्शन लागू झाले, आणि १९९२ च्या व्हॅलेटा येथील करारान्वये युरोपातील अनेक राष्ट्रांनी हे तत्त्व स्वीकारले.

कोल्हापूरसारख्या ठिकाणी या कामाचे टप्पे पुढीलप्रमाणे ठरवता येतील. खोदकामापूर्वी मिळकतीचा नकाशा, जुनी छायाचित्रे, आसपासच्या विहिरी व पूर्वीच्या तळघरांची खोली यांची माहिती घ्यावी. जेथे आधीच्या तळघराने सर्व थर नष्ट झाले आहेत तेथे श्रम घालवण्यात अर्थ नाही. नंतर एक लहान चाचणी-खड्डा घेऊन मूळ मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहावे. प्रत्यक्ष खोदताना यंत्राच्या बकेटीला दात नसावेत. सपाट पात्याने पातळ थर निघतो व खालचा पृष्ठभाग स्वच्छ दिसतो. खड्ड्याची किमान एक बाजू उभी राखून ती खुरप्याने साफ करावी, मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे आणि छेदाचे मोजून रेखाटन करावे. प्रत्येक थरास क्रमांक द्यावा, व त्यातील वस्तू त्याच क्रमांकाच्या पिशवीत ठेवाव्यात. सर्व खोल्या रस्त्याच्या पृष्ठभागापासून न मोजता एका कायम पातळीखुणेपासून मोजाव्यात, कारण रस्ता डांबरीकरणाने दरवर्षी वर येतो. एका मिळकतीत मिळालेली भिंत आणि चार घरे सोडून मिळालेली भिंत एकच आहे काय, हे ठरवण्यास ही समान पातळी अपरिहार्य आहे.

पंचगंगेच्या बाजूस आणखी एक दक्षता घ्यावी लागेल. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांनी नदीचे पाणी वस्तीत कोठवर येते हे दाखवून दिले. पूर्वीच्या पुरांनीही गाळाचे पातळ, बिनखापरांचे पट्टे मागे ठेवले असणार. खंदकातील संथ पाण्याचा गाळ आणि पुराचा गाळ यांत गल्लत होऊ नये. पहिला खंदकाच्या उतारांस धरून बसतो, दुसरा खंदकाच्या काठाबाहेरही पसरतो.

नोंदीवरून निष्कर्ष

अशा नोंदीतून तटाचा काल कसा ठरेल हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका खड्ड्यात तटाचा पाया बहामनी काळातील बांगड्या असलेल्या थरास कापून खाली गेलेला आढळला. यावरून तेथील तट त्या थरानंतरचा, एवढे निश्चित होते. किती नंतरचा, हे होत नाही. पायाच्या चरात भरलेल्या मातीतील सर्वांत अलीकडची वस्तू या कालमर्यादेस आणखी पुढे आणते. उलट बाजूने, खंदकाच्या तळाच्या गाळातील सर्वांत जुना निर्विवाद थर ‘या काळी खंदक होताच’ असे सांगतो. या दोन मर्यादांमधील अंतर जितके कमी, तितका काल पक्का. एका खड्ड्याने ते सहसा साधत नाही. वेगवेगळ्या वेशींजवळच्या दहाबारा नोंदी एकत्र आल्या म्हणजे तट एकाच वेळी उभा राहिला की तुकड्यातुकड्यांनी, आणि राजधानी येथे आल्यावर त्याची किती डागडुजी झाली, या प्रश्नांना पुराव्याचे उत्तर मिळू शकते.

हाच न्याय तटाच्या शेवटालाही लागू आहे. बुजवलेल्या खंदकाच्या भरीत विलायती चिनी मातीची भांडी, बाटल्यांची काच, कौले व पालिकेच्या नळांचे तुकडे कोणत्या क्रमाने येतात, यावरून तट पाडण्याचे टप्पे कळतात. अर्वाचीन म्हणून हा भाग टाकून देण्याची प्रवृत्ती विद्यार्थ्यांनी सोडली पाहिजे. एका संस्थानी राजधानीचे आधुनिक शहरात रूपांतर कसे झाले, याचा तो प्रत्यक्ष पुरावा होय.

कायद्याची चौकट व तिच्या मर्यादा

१८७८ च्या निखात निधी अधिनियमाने जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या निधीची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक केले. हा कायदा वस्तूचे मोल जाणतो, थराचे जाणत नाही. प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा केंद्रीय कायदा व १९६० चा महाराष्ट्राचा कायदा यांचे संरक्षण अधिसूचित स्थळांना मिळते. २०१० च्या दुरुस्तीने केंद्रीय संरक्षित स्मारकांभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई व त्यापुढील दोनशे मीटरपर्यंत नियमन लागू केले; पण ज्या तटाचा बहुतांश भाग डोळ्यांना दिसतच नाही त्याच्यापासून शंभर मीटर कोठून मोजावयाचे, हा प्रश्न त्या तरतुदीच्या कक्षेत येत नाही. नगरपालिकांच्या वारसा-याद्याही स्वभावतःच दृश्य वास्तूंच्या याद्या असतात. अशा रीतीने भूमिगत तट हा दोन व्यवस्थांच्या मधल्या फटीत राहतो.

येथे मिळकतदाराची बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. जुन्या पेठेतील घर मोडकळीस आलेले असते, भाऊबंदांचे हिस्से असतात, कर्ज काढलेले असते. ‘काही सापडले तर काम बंद पडेल’ ही त्याची भीती निराधार नसते. आणि या भीतीपोटीच सापडलेले रातोरात राडारोड्याबरोबर गावाबाहेर जाते. जी व्यवस्था प्रामाणिक माणसास शिक्षा करते तिला पुरावा मिळत नाही. म्हणून देखरेखीची अट स्पष्ट मुदतीची असावी: ठराविक दिवसांत नोंद पूर्ण करावी, त्यानंतर काम अडवू नये, व नोंदीचा खर्च एकट्या लहान मिळकतदारावर पडू नये. ज्या थोड्या ठिकाणी तटाचा पाया चांगल्या स्थितीत मिळेल तेथे इमारतीचे खांब थोडे सरकवून तो जागीच राखता येतो. पुष्कळदा हा बदल आराखड्याच्या वेळी सुचवला तर अल्प खर्चात होतो आणि खोदकामानंतर सुचवला तर अशक्य ठरतो.

देखरेखीच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. घाईत घेतलेली नोंद उत्खननाची जागा घेऊ शकत नाही. खड्ड्याचा आकार अभ्यासकाच्या सोयीचा नसतो. भिंतीचा कोपरा नेमका शेजाऱ्याच्या हद्दीत जातो. पावसाळ्यात छेद ढासळतात. तरीही शंभर अपूर्ण नोंदी एका नकाशावर मांडल्या म्हणजे जे चित्र मिळते ते एका सर्वांगसुंदर उत्खननाने मिळत नाही, कारण नगर हे एका चरात मावत नाही.

विद्यापीठीय विभागांचे कार्य

या कामासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. तटाच्या संभाव्य रेषेचा मोठ्या प्रमाणावरील नकाशा, सहा वेशींच्या परिसरातील मिळकतींची यादी, नोंदीचा एक समान तक्ता, आणि ब्रह्मपुरीच्या क्रमाशी ताडून पाहण्यासाठी खापरांचा एक नमुनासंग्रह, एवढी सामग्री कोणत्याही पदव्युत्तर विभागाच्या आवाक्यातील आहे. बिंदू चौकातील उभ्या तटाचे मोजमाप, दगडांची घडण व चुन्याचे नमुने यांपासून आरंभ करावा. जमिनीखाली काय ओळखावयाचे ते जमिनीवर शिल्लक असलेल्या या भागावरूनच शिकता येते. नोंदी मात्र व्यक्तीच्या संग्रही न राहता विभागाच्या दप्तरी राहिल्या पाहिजेत, म्हणजे आजच्या विद्यार्थ्याने पाहिलेला छेद वीस वर्षांनंतरच्या विद्यार्थ्यास उपयोगी पडेल.

कोल्हापूरच्या पहिल्या शोधांत नाणी व मूर्ती मिळाल्या, कारण त्या उचलून ठेवण्याजोग्या होत्या. तट उचलून ठेवता येत नाही. त्याची नोंद तेवढी ठेवता येते, आणि ती पायाचा खड्डा उघडा असेल तेवढ्याच दिवसांत घ्यावी लागते.